भिंतीवरची तलवार

‘डेमन स्लेयर’ ज्यांनी फक्त सीझन आणि सिनेमांमधून पाहिलं आहे, त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पुढे मी शेवट सांगणार आहे. तोही पडद्यावरचा नाही, तो यायला अजून वेळ आहे. मांगाच्या तेविसाव्या, म्हणजे शेवटच्या खंडातला.

मूळ जपानी नाव ‘किमेत्सु नो याइबा’. अर्थ साधारण असा : राक्षसांचा निःपात करणारं पातं. या नावात माणूस नाहीच, फक्त पातं आहे. इंग्रजी नावाने त्या पात्याच्या जागी ते चालवणारा आणून बसवला आणि आपण सगळे तांजिरोच्या मागे लागलो. मी मात्र तेविसावा खंड संपवला तेव्हा पुन्हा त्या पात्यापाशीच अडकले.

तो खंड आला ४ डिसेंबर २०२० रोजी. पहिलीच छपाई ३९ लाख ५० हजार प्रतींची. जपानात पुस्तकांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या, राष्ट्रीय दैनिकांत पानभर जाहिराती झळकल्या. ‘मुगेन ट्रेन’ हा सिनेमा ऑक्टोबरपासून चालूच होता आणि डिसेंबर संपायच्या आत त्याने ‘स्पिरिटेड अवे’चा २००१ पासूनचा कमाईचा विक्रम मोडला. सगळं जग तोंडाला मास्क लावून बसलेलं असताना हे झालं. ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात या मालिकेचं शेवटचं प्रकरण छापून आलं १८ मे २०२० ला, जपानात कोरोनाची आणीबाणी पूर्ण उठायच्या आठवडाभर आधी. गोतोगे कोयोहारू हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या लेखकाने लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर दुकान बंद केलं. आणखी दहा वर्षं ओढता आली असती अशी मालिका २०५ प्रकरणांत संपली. अर्ध्या चाहत्यांना ते धाडस वाटलं, उरलेल्यांना घाई.

घाई झाली असं म्हणणाऱ्यांचा रोख असतो तो अगदी शेवटच्या प्रकरणावर. मुझान सूर्योदयाला जळून जातो, जाता जाता तांजिरोलाच राक्षस करून जातो, कानाओ त्याला परत आणते, नेझुको पुन्हा माणूस झालेली असते. राक्षस संपले, संघ विसर्जित झाला, मुलं डोंगरावरच्या घरी परतली. आणि मग पान उलटतं तर एकदम आजचं तोक्यो. उंच इमारती, शाळेला उशीर झालेली मुलं, तीच नाकं, तेच डोळे. तांजिरोसारखा दिसणारा सुमिहिको, झेनित्सुसारखा योशितेरू. सापाच्या आणि प्रेमाच्या स्तंभांसारखं दिसणारं जोडपं खानावळ चालवतंय. सगळे सुखात आहेत. आणि कामादोंच्या घरात एका चौकटीत जुना फोटो, कानातले ते पत्त्यांसारखे डूल, आणि भिंतीवर तलवार.

ती तलवार तिथे राहिली कशी? मध्ये शंभर वर्षं गेली आहेत. नुसती शंभर वर्षं नाही, जपानची ती शंभर वर्षं.

आधी तारखा लावून घेऊ. गोष्ट तैशो काळात घडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तैशो म्हणजे १९१२ ते १९२६. त्यातलं नेमकं कधी? याचा धागा कथेतच आहे. निवड-परीक्षेच्या डोंगरावर तो हातांचा गोळा झालेला राक्षस तांजिरोला विचारतो, सध्या मेइजीचं कितवं वर्ष चालू आहे? तांजिरो सांगतो, आता तैशो आहे. राक्षस पिसाळतो. म्हणतो, उरोकोदाकीने मला ४७ वर्षांपूर्वी पकडलं, केइओ काळात. केइओ म्हणजे १८६५ ते १८६८. त्यात ४७ मिळवा. निवड-परीक्षा १९१२ ते १९१५ मधली कधीतरी. तांजिरो तेव्हा पंधरा वर्षांचा. म्हणजे त्याचा जन्म १८९७ ते १९०० च्या दरम्यानचा. घर कुमोतोरी डोंगरावर, आजच्या तोक्योच्या हद्दीतलं सर्वांत उंच शिखर, २०१७ मीटर. धंदा कोळशाचा.

याच वर्षांत जपान काय करत होता? १९१० मध्ये कोरिया गिळून झाला होता. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरून जर्मनांकडून चीनमधलं चिंगताव घेतलं. १९१५ च्या जानेवारीत चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या. मांगात यातलं काही येत नाही, आणि डोंगरावरच्या कोळसेवाल्याच्या पोराला त्यातलं काही कळत नसणार, हेही खरंच. तो असाकुसाला येतो तेव्हा विजेचे दिवे आणि गर्दी बघून त्याला गरगरतं, तेवढाच त्याचा आधुनिक जपानशी संबंध. त्याच गर्दीत त्याला मुझान भेटतो, पांढरी टोपी, कोट, कडेवर लहान मुलगी. पूर्ण मालिकेत मला सर्वांत भीतिदायक वाटलेला प्रसंग हाच. राक्षस सुटाबुटात आहे आणि तलवारवाला पोरगा खेडवळ.

या मुलांची तलवार तर चोरटीच म्हणायची. २८ मार्च १८७६ च्या हुकमाने लष्कर, पोलीस वगैरे सोडून बाकीच्यांना तलवार कमरेला लावून फिरायला बंदी झाली. घरात ठेवायला नव्हती, रस्त्यावर मिरवायला होती. सामुराईंची ओळखच त्या एका कागदाने काढून घेतली गेली. म्हणून ‘मुगेन ट्रेन’च्या आधी स्टेशनवर पोलीस दिसतात तेव्हा झेनित्सु इतरांना दडवतो : आपला संघ सरकारमान्य नाही, तलवारी लपवा. लोक त्या प्रसंगाला हसतात. पण गोष्टीची सगळी नैतिक मांडणी त्यावर उभी आहे. ही तलवार सरकारची नाही. ती ज्यांच्या हातात आहे त्यांना पगार संघ देतो, ज्यांना वाचवायचं त्यांना हे कोण आहेत याचा पत्ताही नसतो. आणि तिने माणसाला मारायचं नाही. समोरचा राक्षस आहे याची खात्री झाल्याशिवाय ती उपसायची नाही. तांजिरोला ही खात्री वासावरून होते. त्याचं नाक कधी चुकत नाही.

हे नाक लक्षात असू द्या.

आता आणखी एक हिशेब. ज्यांच्या अंगावर ती खूण उमटते ते पंचविशीपलीकडे जगत नाहीत, असा कथेतला नियम आहे. योरिइची हा एक अपवाद. तांजिरोच्या कपाळावर खूण आहे. त्याचं काय झालं हे शेवटच्या खंडात दाखवलेलं नाही, आणि मला ते बरं वाटतं. पण नियम खरा धरला तर १८९७ ते १९०० मध्ये पंचवीस मिळवावे लागतात. उत्तर येतं १९२२ ते १९२५.

या कंसाच्या बरोब्बर मध्ये १ सप्टेंबर १९२३ आहे. दुपारचे ११ वाजून ५८ मिनिटं. घरोघरी चुली पेटलेल्या असताना कान्तो प्रदेशात ७.९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. तोक्यो आणि योकोहामा दोन-तीन दिवस जळत होते. मृतांचा आकडा एक लाख पाच हजारांच्या घरात. असाकुसाचा तो बारा मजली मनोरा, जो बघायला गावोगावचे लोक यायचे, वरून मोडून पडला. योशिवारा, जिथे तेंगेन उझुई आणि तिघं पोरं दाकीशी लढली ती वेश्यावस्ती, जळाली. पळून जाता न आलेल्या शेकडो बायका तिथल्या तळ्यात मेल्या. होंजो भागात लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराचं मोकळं मैदान होतं. लोक गाद्या-सामान घेऊन तिथे जमले. आगीचं वावटळ त्या मैदानावर आलं आणि एका जागी सुमारे ३८ हजार माणसं गेली.

आणि मग तलवारी बाहेर आल्या.

त्याच दिवशी संध्याकाळपासून अफवा सुटली की कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत, आगी लावताहेत. नुसती लोकांमध्ये नाही. पोलिसांनी आणि गृहखात्याच्या तारांनीही ती पुढे ढकलली. वाडी-वस्तीवर ‘जिकेइदान’ नावाची रक्षक पथकं उभी राहिली. हातात बांबूचे भाले, आग विझवणाऱ्यांचे आकडे, आणि घराघरांत फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या तलवारी. नाक्यावर येणाऱ्याला थांबवून म्हणायला लावायचं : ‘जूगो-एन गोजिस्सेन’. पंधरा येन पन्नास सेन. कोरियन माणसाला शब्दाच्या सुरुवातीचे ते ‘ज’ आणि ‘ग’ जपान्यांसारखे जमत नाहीत, असा समज. ज्याची जीभ अडली तो राक्षस. हजारो कोरियन मारले गेले. नेहमी दिला जाणारा आकडा सहा हजारांचा आहे. चिनी मारले गेले, समाजवादी मारले गेले, आणि जपानीही.

६ सप्टेंबरला चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात पंधरा फिरस्ते विक्रेते अडवले गेले. ते कागावाहून, म्हणजे पार शिकोकू बेटावरून औषधं विकत आले होते. बुराकू समाजातले, जपानच्या उतरंडीत तळाला ढकललेले. त्यांची बोली गावाला परकी वाटली. नऊ जणांना मारलं, त्यात लहान मुलं होती, एक गर्भार बाई होती. ज्यांना शिक्षा झाल्या ते नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या माफीत सुटले. या घटनेवर मोरी तात्सुया यांनी केलेला सिनेमा २०२३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी आला. फुकुदाबद्दल वाचताना मला धुळ्याजवळचं राईनपाडा आठवणार नाही असं होणं शक्य नव्हतं. १ जुलै २०१८, व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा, आणि भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण. तिथेही अनोळखी फिरस्त्यांकडे बघून लोकांना खात्री वाटली होती.

१९२३ ची ती रात्र म्हणजे ‘डेमन स्लेयर’चीच रात्र आहे, फक्त उलटी. अंधार, हातात तलवार, माणसांत मिसळलेला शत्रू, तो ओळखायची एक युक्ती, आणि आपण आपल्या माणसांना वाचवतोय ही पक्की भावना. फरक एवढाच की त्या रात्री राक्षस नव्हते. कोणाजवळ तांजिरोचं नाक नव्हतं. आणि तांजिरोसारखं मेलेल्याचा हात हातात घेऊन बसणारंही फारसं कोणी नव्हतं. ही मालिका इतर मारधाडीच्या मालिकांहून वेगळी ठरते ती या एका सवयीमुळे. डोकं उडवल्यावर प्रत्येक राक्षसाची गोष्ट सांगितली जाते, आणि ती बहुतेकदा गरिबीची किंवा आजाराची असते. ग्युतारो योशिवाराच्या सर्वांत खालच्या गल्लीतला, आकाझा आजारी बापाच्या औषधासाठी पाकीट मारणारा. मुझानसुद्धा मुळात एक मरायला टेकलेला आजारी मुलगाच. इतकी करुणा असलेल्या लेखकाने तैशोचं एकही खरं वर्ष दाखवू नये, हे मला खटकतं. तक्रार नाही म्हणत मी. शोनेन मांगाने इतिहासाचं पुस्तक व्हावं अशी अपेक्षा कोणी करू नये. पण काळ निवडला की त्या काळाची बिलंही येतात.

बिलं पुढच्या पिढीकडे गेली. तांजिरोचा डावा हात निकामी, उजवा डोळा गेलेला. त्याला सैन्यात कोणी घेतलं नसतं. पण सुमिहिको जन्मायचा तर तांजिरो-कानाओला मूल झालं असणार, नेझुको-झेनित्सुला झालं असणार. ही मुलं १९२० च्या आगेमागे जन्मलेली. मुलगे असतील तर विशीत कधी येतात? १९४० ला. ती पिढी चीनमध्ये, बर्मात, फिलिपिन्समध्ये गेली. जपान सरकारच्या मोजणीप्रमाणे त्या युद्धात देशाची ३१ लाख माणसं मेली, त्यांतले सुमारे २३ लाख सैनिक. त्यांनी इतर देशांत किती मारली तो हिशेब वेगळा आणि फार मोठा.

आणि या पिढीच्या हातात तलवार पुन्हा कायदेशीर होती. १९३४ मध्ये जपानी लष्कराने अधिकाऱ्यांसाठी नवी तलवार काढली. आधीच्या मुठी युरोपी धाटणीच्या होत्या. ही मुद्दाम जुन्या सामुराई वळणाची. जे पातं १८७६ मध्ये सरकारने कमरेवरून उतरवलं तेच गणवेशात घालून परत दिलं. १९३७ मध्ये नानजिंगच्या वाटेवरच्या दोन लेफ्टनंटांची ‘तलवारीने शंभर आधी कोण’ ही शर्यत ‘तोक्यो निचिनिचि शिंबुन’ने आकड्यांसकट छापली, मॅचच्या स्कोअरसारखी. शर्यत खरंच तशी झाली का यावर जपानात वाद चालतो. पण बातमी छापली गेली, आणि ती अभिमानाची बातमी म्हणून छापली गेली, त्यावर वाद नाही.

तांजिरोच्या डुलांवर उगवता सूर्य आहे, लांब किरणांचा. दक्षिण कोरिया आणि चीनमधल्या आवृत्त्यांसाठी ते डूल बदलावे लागले, किरण काढून साध्या आडव्या रेघा आल्या. आपल्याकडच्या काही चाहत्यांना तो अतिसंवेदनशीलपणा वाटतो. तसाच किरणांचा सूर्य जपानी लष्कराच्या निशाणावर होता. सोलमध्ये ज्याच्या पणजोबांनी ते निशाण दारात पाहिलं, त्याला डूल बघून श्वासाचं तंत्र आठवणार नाही.

१० मार्च १९४५. सुमारे २८० बी-२९ विमानांनी एका रात्रीत तोक्योचा पूर्व भाग जाळला. असाकुसा, होंजो, फुकागावा; सुमारे एक लाख माणसं. बावीस वर्षांपूर्वी जळालेलेच मोहल्ले पुन्हा जळाले. त्या कपड्यांच्या कोठाराच्या जागेवर आता योकोआमिचो नावाची बाग आहे. तिथल्या स्मारकात भूकंपात आणि हवाई हल्ल्यात गेलेल्यांची रक्षा एकत्र ठेवली आहे, १ लाख ६३ हजार जणांची. बागेत थोड्या अंतरावर मारल्या गेलेल्या कोरियन लोकांसाठी १९७३ मध्ये बसवलेला एक दगड आहे. दर १ सप्टेंबरला तिथे सभा होते. तोक्योचे राज्यपाल तिथे शोकसंदेश पाठवत असत; २०१७ पासून राज्यपाल कोइके युरिको यांनी तो पाठवणं थांबवलं.

मग त्या भिंतीवरच्या तलवारीचं काय? कुमोतोरीच्या डोंगरावर बाँब पडायचं कारण नव्हतं, म्हणून ती १९४५ चा मार्च ओलांडून गेली असेल. पण त्याच वर्षी अमेरिकी सैन्य आलं आणि हुकूम निघाला : घरातली शस्त्रं जमा करा. लाखो तलवारी जमा झाल्या. कित्येक वितळवल्या, कित्येक समुद्रात टाकल्या, कित्येक सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. तोक्योत आकाबाने इथल्या अमेरिकी डेपोत ढीग लागला होता. त्यातल्या पाच हजारांहून अधिक शेवटी राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या आणि मालक सापडले नाहीत म्हणून पडून राहिल्या. कलेच्या दृष्टीने मोलाच्या तलवारींना पुढे सूट मिळाली. लोकांनी त्या छपरात लपवल्या, जमिनीत पुरल्या. कामादोंनीही तसंच काही केलं असणार. कोळशाच्या भट्टीजवळ एक लांबट गाठोडं पुरणं त्यांना अवघड नव्हतं.

मधली सगळी वर्षं डोळ्यांनी पाहिलेले दोनच जण शेवटच्या प्रकरणात आहेत. एक युशिरो, जो राक्षस आहे. तो तामायोची चित्रं काढून प्रसिद्ध झालाय आणि तिच्याशिवाय त्याला कशाचं सोयरसुतक नाही. दुसरा किरिया उबुयाशिकी. आठ वर्षांचा असताना त्याने शेवटच्या लढाईत अर्धा संघ मरणाच्या तोंडी धाडला होता, दुसरा इलाज नव्हता म्हणून. आता टीव्हीवर बातमी लागते की तो जपानमधला सर्वांत वयोवृद्ध माणूस आहे. भूकंपाच्या वेळी तो सोळा-अठरा वर्षांचा असेल, शरणागतीच्या वेळी चाळिशीच्या जवळ. गोतोगेंनी त्याला इतकं आयुष्य सहज दिलं असेल असं मला वाटत नाही. पण त्याच्या तोंडी एक वाक्य घातलेलं नाही. बातमीत तो दिसतो, आणि बातमी पुढे जाते.

आज जपानमध्ये घरात तलवार ठेवायची तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीचा दाखला लागतो. गंमत म्हणजे तो दाखला पोलीस देत नाहीत. प्रांताचं शिक्षण मंडळ देतं, कारण तलवार आता शस्त्र म्हणून नव्हे, कलावस्तू म्हणून मोजली जाते. शेवटच्या लढाईत तांजिरोच्या हातात होती ती तलवार तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची. भिंतीवर तीच असावी. एवढी जुनी म्हणजे दाखला मिळायला अडचण नाही. कामादोंपैकी कोणीतरी, कदाचित म्हातारी झालेली कानाओच, ते गाठोडं उकरून, बसने तोक्योला नेऊन, एका टेबलापुढे उभी राहिली असेल. तिथला माणूस पात्याची लांबी मोजतो, बाक मोजतो, मुठीखालचं लोखंड उघडं करून कोणाची सही आहे का बघतो, आणि फॉर्म भरतो. त्या फॉर्मवर पात्याचा प्रकार लिहायला जागा असते. ते कशासाठी वापरलं, यासाठी रकाना नसतो.